मृत्युपत्र नाहीये, आता काय? वारसाच्या भानगडीत पहिल्यांदाच पडणाऱ्यांसाठी

बाबांचं कपाट उघडलं तेव्हा त्यात वीस वर्षांची लाइट बिलं होती, विकलेल्या स्कूटरचं आरसी बुक होतं, माझ्या चौथीच्या प्रगतिपुस्तकाची झेरॉक्स होती, फक्त मृत्युपत्र नव्हतं. आणि मग भेटायला येणारा प्रत्येक माणूस कायदेपंडित. एक म्हणाले नॉमिनी वहिनी आहेत ना, मग सगळं वहिनींचं. दुसरे म्हणाले मुलगा एकुलता आहे, मुलीचं लग्न झालंय, मग प्रश्नच कुठे येतो. तिसरे म्हणाले काही करायच्या आधी कोर्टातनं वारस दाखला आणा, त्याशिवाय पान हलत नाही. तिघंही चूक होते, हे कळायला मला सात-आठ महिने आणि शिवाजीनगर कोर्टाच्या बऱ्याच चकरा लागल्या. तुमच्या चकरा कमी व्हाव्यात म्हणून लिहितोय. मी वकील नाही, त्यामुळे घरात भांडण असेल तर वकील गाठाच, पण वकिलासमोर जाऊन बसायच्या आधी एवढं माहीत असलं की निदान तो काय बोलतोय ते कळतं.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा कारण पुढचं सगळं त्यावर आहे. माणूस गेला त्या क्षणी त्याच्या मालमत्तेचे हिस्से कायद्याने ठरून जातात. तलाठ्याने नोंद केली म्हणून तुम्ही वारस होत नाही आणि सोसायटीने नाव लावलं नाही म्हणून तुमचं वारसपण जात नाही. कागद मागून येतात. लोक उलटं करतात, आधी कागदाच्या मागे धावतात आणि हिस्से कोणाचे किती हे कोणी बसून काढतच नाही.

आधी बघा, कायदा कुठला लागतो

गेलेली व्यक्ती हिंदू, जैन, बौद्ध किंवा शीख असेल तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६. मुस्लिम असेल तर शरियत, त्यात हिस्से वेगळे, म्हणजे मुलंबाळं असतील तर बायकोला आठवा हिस्सा आणि मुलीला मुलाच्या निम्मं. ख्रिश्चन आणि पारशी लोकांना भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५, त्यात ख्रिश्चन माणसामागे बायको आणि मुलं असतील तर बायकोला एक तृतीयांश, मुलांना मिळून दोन तृतीयांश. रजिस्टर लग्न म्हणजे स्पेशल मॅरेज ॲक्टखाली लग्न केलेल्यांनाही साधारण हाच १९२५ चा कायदा लागतो, पण नवरा-बायको दोघंही हिंदू असतील तर परत १९५६ चाच. मी पुढे हिंदू कायद्याचंच सांगणार आहे कारण मी त्यातनंच गेलोय.

वंशावळ काढा, आणि गेलेल्यांनाही त्यात घ्या

एक मोठा कागद घ्या, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि लिहून काढा. कोण कधी गेलं ते वर्षासकट. लहानपणी गेलेले, दत्तक गेलेले, पहिली बायको, दुसरी बायको, सगळं. "त्यांचा काय संबंध" असं कोणी म्हणालं की ते नाव आधी लिहा, अनुभवाचे बोल.

पुरुष गेला असेल तर पहिल्या वर्गाचे वारस आधी येतात आणि ते असतील तर बाकी कोणाला काही नाही. त्यात कोण? बायको, मुलगे, मुली आणि आई. प्रत्येकाला सारखा एक हिस्सा. एखादा मुलगा किंवा मुलगी आधीच वारली असेल तर तिच्या किंवा त्याच्या मुलांना मिळून तो एक हिस्सा, आणि वारलेल्या मुलाची विधवा बायको पण त्या हिश्शात येते (वारलेल्या मुलीचा नवरा येत नाही, का ते मला विचारू नका). वडील यात नाहीत! आई आहे आणि वडील नाहीत, ते दुसऱ्या वर्गात. बऱ्याच जणांना हे ऐकून धक्का बसतो.

आता गल्लीत चर्चा होणारे लोक. लग्न झालेली मुलगी वारस आहे, लग्नात कितीही खर्च केला असला तरी. दत्तक मुलगा-मुलगी वारस आहे. सावत्र मुलगा सावत्र बापाचा वारस नाही. कायद्याने घटस्फोट झालेली बायको वारस नाही, पण नुसती दहा वर्षं वेगळी राहतेय, कोर्टाचा हुकूमनामा नाही, तर ती बायकोच आहे आणि तिला पूर्ण हिस्सा आहे. दुसरं लग्न बेकायदेशीर असेल तर त्या बाईला बायको म्हणून हिस्सा नाही पण त्या संबंधातल्या मुलांना बापाच्या मालमत्तेत हक्क आहे, सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये हे परत स्पष्ट केलंय. पोटातलं मूलसुद्धा जिवंत जन्मलं की वारस. आणि ज्याने खून केला त्याला काही मिळत नाही, हे सांगायची वेळ येऊ नये पण कायद्यात कलम आहे.

मालमत्ता कुठनं आली ते लिहा

यादी करताना नुसतं "फ्लॅट, शेत, एफडी" असं लिहू नका, प्रत्येकापुढे आली कुठनं ते लिहा. स्वतः कमावलेली का वाडवडिलांची. कारण गोंधळ सगळा इथे आहे.

आपल्याकडे आजोबांकडून आलेलं काहीही असलं की त्याला "वडिलोपार्जित" म्हणायची सवय आहे, आणि मग नातू म्हणतो माझा जन्मतः हक्क. तसं नाहीये. आजोबांनी स्वतःच्या पैशाने घेतलेली जमीन, आजोबा १९५६ नंतर मृत्युपत्र न करता गेले, ती वडिलांना वारसाने आली, तर वडिलांच्या हातात ती वडिलांची स्वतःची मालमत्ता. वडील जिवंत असताना नातवाचा तिच्यात काही हक्क नाही, सुप्रीम कोर्टाने १९८६ सालीच हे सांगितलंय आणि तरी अजून पारावर उलटंच सांगतात.

खरी एकत्र कुटुंबाची, पिढ्यान्‌पिढ्या न वाटलेली मालमत्ता असेल तर तिथे मात्र जन्मतः हक्क, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीलाही मुलासारखाच (महाराष्ट्राने त्याआधी १९९४ मध्ये कायदा केला होता पण तो फक्त तोपर्यंत लग्न न झालेल्या मुलींपुरता होता). वडील २००५ च्या आधी वारले असतील तरी मुलीचा जन्मतः हक्क राहतो का, यावर कोर्टांत वेगवेगळे निकाल यायचे, ते २०२० च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाच्या विनीता शर्मा निकालाने मिटलं, हक्क राहतो, मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी खरंच वाटप किंवा विक्री होऊन गेली असेल तर ती उकरून काढता येत नाही.

आता आकडे मांडा

आमचंच सांगतो. सिंहगड रोडचा फ्लॅट बाबांनी स्वतः घेतलेला. आजी आधीच गेलेली. मागे आई, ताई आणि मी. तीन हिस्से, एक तृतीयांश प्रत्येकी. एवढं सोपं.

भोर तालुक्यातली जमीन मात्र अजून आजोबांच्या व्यवहारातली. आजोबांनी स्वतः विकत घेतलेली, ते गेले १९८७ ला. तेव्हा वारस पाच: आजी, थोरले काका, बाबा आणि दोन आत्या, म्हणजे पाचवा पाचवा हिस्सा. आजी १९९९ ला गेली, तीही मृत्युपत्र न करता, तिचा पाचवा हिस्सा चार मुलांत वाटला गेला, म्हणजे आता प्रत्येकाचा एक चतुर्थांश. बाबा गेल्यावर त्यांच्या चतुर्थांशाचे तीन भाग, म्हणजे आई, ताई, मी यांना बारावा बारावा. तुमच्याकडे पण असंच करायचं, सगळ्यात आधी गेलेल्या माणसापासून सुरू करायचं आणि एकेक मृत्यू तारखेच्या क्रमाने घेत खाली यायचं. मधला एक मृत्यू सुटला की पुढचं सगळं गणित चुकतं.

आणि सातबाऱ्यावर काय होतं? एकट्या काकांचं नाव आणि त्यापुढे "ए.कु.क.". म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. जुन्या सातबाऱ्यांवर हे सर्रास दिसतं, थोरल्याचं नाव लावायचं आणि बाकीचे मागे. याचा अर्थ जमीन काकांची झाली असा नाही, ते सगळ्यांच्या वतीने. तुमच्या सातबाऱ्यावर ए.कु.क. किंवा ए.कु.मॅ. (मॅ. म्हणजे मॅनेजर) दिसलं तर आधी तो फेरफार, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदीचा, क्रमांक बघा आणि जुना फेरफार काढा, त्यात बाकीच्यांची नावं बहुतेक वेळा सापडतात. आमच्या फेरफारात दोन्ही आत्यांची माहेरची नावं होती, १९८८ च्या अक्षरात, आणि आत्यांना याचा पत्ताच नव्हता.

एक फसगत मात्र मुद्दाम सांगतो, तरुण कुटुंबात ही जास्त होते. माझ्या ऑफिसातला एक मित्र बेचाळिसाव्या वर्षी गेला. मागे बायको, दोन मुलं आणि आई. वारजेचा फ्लॅट एकट्या त्याच्या नावावर, चौघांना चतुर्थांश. सगळ्यांना वाटलं आईचं काय, आई इथेच राहतेय. आई दोन वर्षांनी गेल्या आणि त्यांचा चतुर्थांश त्यांच्या मुलांकडे गेला, म्हणजे मित्राच्या बायकोच्या दिराला बारावा, नणंदेला बारावा आणि या दोन नातवंडांना मिळून बारावा. सुनेला त्यातलं काही नाही. जो फ्लॅट ती एकटी हप्ते भरून सोडवत होती त्यात दीर-नणंद सहहिस्सेदार झाले, कोणी काही वाईट वागलं नसताना. सासूबाई असताना एक कागद केला असता, मृत्युपत्र म्हणा, हक्कसोड (आपला हिस्सा सोडल्याचा कागद) म्हणा, तर हे टळलं असतं. दुःखात हे सुचत नाही आणि कोणी सुचवलं की तो माणूस दुष्ट वाटतो, हे पण खरंय.

बाई गेली असेल तर नियम वेगळा

इथे बरेच वकीलसुद्धा घाईत चुकीचं सांगतात. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर आधी मुलगे, मुली (वारलेल्यांची मुलंही) आणि नवरा. हे कोणीच नसतील तर नवऱ्याचे वारस. त्यानंतर तिचे आईवडील! म्हणजे मूल नसलेल्या विधवा बाईने हिंजवडीत नोकरी करून स्वतः घेतलेला फ्लॅट आधी सासरकडे जातो, आईवडील रांगेत मागे. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टात असं प्रकरण होतं, लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी बाहेर काढलं, माहेरच्यांनी शिकवलं, तिने कमावलं, आणि ती गेल्यावर पैसे गेले नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांकडे. कोर्टाने सहानुभूती दाखवली पण कायदा तसा आहे म्हणाले. अपवाद एवढाच की आईवडिलांकडून वारसाने आलेलं असेल आणि मुलंबाळं नसतील तर ते वडिलांच्या वारसांकडे परत जातं, आणि नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून वारसाने आलेलं नवऱ्याच्या वारसांकडे. बहिणीला, मैत्रिणीला हे वाचून दाखवा प्लीज.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

नॉमिनी हा पैसे किंवा शेअर ताब्यात घेणारा माणूस, वारसांच्या वतीने. बँकेने त्याला पैसे दिले की बँक मोकळी, पण त्याने ते वारसांना हिश्शाप्रमाणे द्यायचे असतात. शेअर्स आणि म्युच्युअल फंडाबाबत २०२३ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं. विम्यात थोडा फरक आहे, २०१५ पासून आईवडील, नवरा-बायको, मुलं नॉमिनी असतील तर कायदा त्यांना लाभार्थी नॉमिनी म्हणतो, तरी यावरून वाद होतात. जॉइंट खात्यावर "आयदर ऑर सर्व्हायव्हर" लिहिलेलं असलं तरी तेच, दुसरा माणूस खातं चालवू शकतो, पैशाचा मालक तो एकटाच होतो असं नाही.

मग कागद

मृत्यू दाखला. मृत्यूची नोंद २१ दिवसांत, हॉस्पिटलमध्ये गेले असतील तर ती हॉस्पिटलकडूनच जाते. दाखल्याच्या दहा-बारा प्रती घ्या, आणि नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतंय का तिथेच उभं राहून बघा, एका अक्षरासाठी मी दोन महिने घालवलेत.

शेतजमीन असेल तर वारस नोंद. कायदा म्हणतो तीन महिन्यांत तलाठ्याला कळवा (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी केलंय, पण गावात अजून भाऊसाहेबच). अर्ज, मृत्यू दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, वारसांचे आधार, सातबारा आणि ८अ (खात्याचा उतारा). ऑनलाइन करायचं असेल तर ई-हक्क प्रणालीतून होतं. मग वारस रजिस्टरला नोंद, फेरफार, हितसंबंधितांना नोटीस, हरकतीला १५ दिवस, आणि हरकत नसेल तर मंडल अधिकारी प्रमाणित करतात. यासाठी कोर्टाचा वारस दाखला लागत नाही, घरात वाद नसेल तर अजिबात नाही. कोणी "बहिणींची नावं कशाला घालता, नंतर डोकेदुखी" असं म्हणालं तर ऐकू नका. आम्हाला एका ऑफिसात अगदी प्रेमाने हा सल्ला मिळाला. खोटी वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लिहिणं हा गुन्हा आहे आणि सही तुमची असते, सल्ला देणाऱ्याची नसते. शहरातली जागा, वाडा, बंगला असेल तर हेच काम नगर भूमापन कार्यालयात, मिळकत पत्रिकेवर.

फ्लॅटचं सोसायटीत. नॉमिनी असेल तर सोसायटी त्याला तात्पुरता सभासद करून घेते, वारस रेकॉर्डवर येईपर्यंत. नॉमिनी नसेल तर जाहीर नोटीस, सगळ्या वारसांची प्रतिज्ञापत्रं, इंडेम्निटी बॉण्ड (नुकसान झालं तर भरून देण्याची लेखी हमी). सगळे एकमताचे असतील तर सगळ्यांच्या सहीचं कौटुंबिक व्यवस्थापत्रही चालतं. पुढे महापालिकेचा मिळकत कर आणि महावितरणचं बिल, ही किरकोळ कामं, शेवटी करा.

बँकेत नॉमिनी असेल तर फॉर्म, दाखला, केवायसी, झालं. नसेल तर एका मर्यादेपर्यंत बँक प्रतिज्ञापत्र आणि इंडेम्निटीवर पैसे देते, त्याच्या वर किंवा वाद असेल तर सक्सेशन सर्टिफिकेट मागते. ते आणि वारस दाखला यात फरक आहे. सक्सेशन सर्टिफिकेट येणी, ठेवी, शेअर्स यांच्यासाठी, १९२५ च्या कायद्याखाली, आणि कोर्ट फी रकमेच्या प्रमाणात. वारस दाखला हा १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली, हो इंग्रजांच्याही कंपनी सरकारच्या काळातला, आणि तो मुख्यतः जमीन-घरासाठी उपयोगी. दोन्ही पुण्यात शिवाजीनगर कोर्टातनं. कुठलं हवंय ते मागणाऱ्याकडून लेखी घ्या, मी एका बँकेच्या तोंडी सांगण्यावर चुकीच्या अर्जाची तयारी करून बसलो होतो. विसरलेली खाती शोधायला रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे, आमचं एक १९९४ चं खातं तिथे सापडलं.

कर्जाचं पण विचारतात लोक. वारसाला जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरतीच कर्जाची जबाबदारी, स्वतःच्या पगारातून बापाचं क्रेडिट कार्ड फेडायला तुम्ही बांधील नाही, वसुलीवाला फोनवर काहीही म्हणो. आणि वारसा कर आपल्याकडे १९८५ पासून नाही.

हक्कसोड पत्र, घाई नको

सगळे वारस मिळून ठरवतात की फ्लॅट आईच्या एकटीच्या नावावर करू. तर बाकीच्यांनी हक्कसोड पत्र करायचं, आणि ते नोंदणीकृतच पाहिजे, दुय्यम निबंधकाकडे, नोटरी केलेलं चालत नाही. जवळच्या नात्यात, मोबदला न घेता केलं तर स्टॅम्प नाममात्र, पैसे घेऊन केलं तर हिशोब बदलतो. एकदा नोंदवलं की ते परत फिरत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत, तेराव्याच्या आत कोणाकडूनही कुठल्याही कागदावर सही घेऊ नका आणि देऊ नका. बहिणीला साडीचोळी करायची, डोळे पुसायचे आणि पुढ्यात कागद सरकवायचा, हे आपल्याकडे फार होतं. ताईने फ्लॅटचा हिस्सा आईला सोडला, पण वर्षभराने, तिने स्वतः वाचून, तिच्या वकिलाला दाखवून. मी पण सोडला. आणि आम्ही त्याच दिवशी आईला मृत्युपत्र करायला लावलं, कारण नाहीतर हीच फिल्म परत.

जमिनीचं म्हणाल तर काकांनी सुरुवातीला आढेवेढे घेतले, मग जुना फेरफार दाखवल्यावर स्वतः गाडी करून आत्यांना घेऊन आले. गेल्या महिन्यात नवीन सातबारा आला, सहा नावं. त्यात धाकट्या आत्याचं माहेरचं नाव लागलंय आणि आधारवर सासरचं, म्हणजे उद्या काही व्यवहार करायचा तर ती दोन वेगळी माणसं. लग्न झालेल्या बायकांच्या बाबतीत अर्जालाच शाळा सोडल्याचा दाखला नाहीतर विवाह नोंदणी दाखला जोडा, आम्ही नाही जोडला. आता लेखनप्रमाद म्हणून कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे टाकलाय, पुढची तारीख गुरुवारची आहे, आत्याला कोथरूडहून सकाळी सातला उचलायचंय.